सियालकोटची गोळी, हायडेलबर्गचं पाणी

जत तालुक्यातून माणसं बाहेर पडतात ती पोटासाठी. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. शेजारच्या खानापूर-आटपाडीतली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. आणि या सगळ्या दुष्काळी पट्ट्यात, थेट माण-खटावपर्यंत, तिसरी वाट पलटणीची. भरतीची तारीख लागली की पहाटे अंधारात डांबरी सडकेवर पळणारी पोरं दिसतात. सातारा तालुक्यातल्या एका गावानं पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. ते गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावानं ओळखलं जातं.

पलटणीत गेलेल्या माणसाची गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगतात. एक तर तो तिरंग्यात गुंडाळून येतो आणि चौकात त्याचा पुतळा उभा राहतो. नाही तर पेन्शन घेऊन येतो, घर बांधतो, विहीर पाडतो, ग्रामपंचायतीला उभा राहतो. पण परतणाऱ्यांत तिसराही एक असतो. पाय गमावून, नाही तर कंबरेखालचं अंग लुळं पडून आलेला. तो दारातल्या खाटेवर बसून राहतो आणि त्याची गोष्ट हळूहळू घरातल्या घरातच विरून जाते. अशा जवानाला पुन्हा मैदानात आणणारी एक परंपरा जगात उभी राहिली. तिच्या इतिहासात सांगली जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव फार वरचं आहे. हा इतिहास युद्धाच्या दवाखान्यात सुरू होतो, पोहण्याच्या तलावातून जातो आणि पुढे थेट बर्फावर पोचतो.

त्या माणसाचं नाव मुरलीकांत राजाराम पेटकर. जन्म 1 नोव्हेंबर 1944, गाव इस्लामपूरजवळचं पेठ. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. पेठ सातारा जिल्ह्यात होतं आणि जत हे डफळ्यांचं स्वतंत्र संस्थान होतं. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला, जत त्यात आलं आणि 1960 साली या जिल्ह्याचं नाव सांगली झालं.

1944 हे साल या गोष्टीत आणखी दोन कारणांनी महत्त्वाचं आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथल्या रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी वेगळा विभाग उघडला. त्याचे प्रमुख होते डॉ. लुडविग गुटमान, हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू मेंदूतज्ज्ञ. तोवर मणका मोडलेला माणूस म्हणजे गेल्यात जमा असाच हिशोब होता. पहिल्या महायुद्धातले असे बहुतेक सैनिक काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत गेले. मरण गोळीनं येत नसे, ते मागाहून यायचं. एकाच कुशीवर पडून पाठीला आणि कंबरेला जखमा व्हायच्या, त्या चिघळायच्या. लघवी तुंबून मूत्रपिंडं सडायची. गुटमाननं हुकूम काढला की प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीसुद्धा. मग त्याला बसतं करायचं, आणि बसता झाला की हातात काहीतरी द्यायचं: चेंडू, धनुष्य, भाला. खेळ त्यांच्या लेखी औषधच होता. खांदे आणि दंड बळकट झाले तर माणूस स्वतःच्या बळावर खाटेवरून खुर्चीत जाईल, आणि खुर्चीतून बाहेर पडून जगात मिसळेल.

29 जुलै 1948 रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी गुटमाननं रुग्णालयाच्या हिरवळीवर 16 माजी सैनिकांची, 14 पुरुष आणि 2 स्त्रिया, धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. 1952 साली हॉलंडचे जखमी सैनिक तिथं आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. 1960 साली रोममध्ये 23 देशांचे 400 खेळाडू जमले. तेच पहिलं पॅरालिंपिक.

1944 सालीच पुण्यात लष्करानं कृत्रिम अवयव केंद्र सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात हात-पाय गेलेल्या हिंदी जवानांना नवे अवयव बसवण्याचं ते ठिकाण आजही चालू आहे. पुण्याला या कामाची सवय त्याआधीपासूनच होती. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी 1917 साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल संस्था निघाली होती. ती पुढे पुण्यातल्या खडकीला आली. म्हणजे ज्या वर्षी पेठमध्ये पेटकरांचं पोर जन्मलं, त्या वर्षी जखमी सैनिकाला उभं करायची विद्या पुण्यातही होती आणि स्टोक मँडव्हिललाही. फरक एवढाच की पुण्यात पाय आणि हुन्नर मिळे, आणि तिकडे त्यांना खेळ सापडला होता.

पेटकरांचं बालपण या भागातल्या कुठल्याही पोराचं असतं तसं, तालमीच्या लाल मातीत गेलं. अंगात रग होती. शाळकरी वयातच ते लष्कराच्या मुलांच्या पलटणीत दाखल झाले आणि ईएमई, म्हणजे तोफा-गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात कारागीर म्हणून लागले. कुस्तीची जागा बॉक्सिंगनं घेतली. 1964 साली सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी ते टोकियोला जाऊन आले. वीस वर्षांच्या जवानाला आपला रस्ता आता दिसू लागला होता.

पुढच्याच वर्षी युद्ध झालं.

1965 च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर विमानांच्या हल्ल्यात पेटकरांच्या अंगात गोळ्या घुसल्या. वर त्या धुमश्चक्रीत लष्करी गाडी अंगावरून गेली. त्यांनी स्वतः मुलाखतींमधून सांगितलेली ही हकीकत आहे. ते दीर्घकाळ बेशुद्ध होते, स्मृतीवरही परिणाम झाला होता. एक गोळी मणक्याशी रुतून बसली, ती काढता आली नाही. ते मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आले तेव्हा कंबरेखालचं अंग निकामी झालं होतं. बॉक्सिंग संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरायला सांगितलं.

पाण्यात उतरायला सांगणं ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडची पोरं पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पडतात, पाय झाडतात आणि चार दिवसांत तरतात. पोहण्याचा सगळा भरवसा त्या पायांवर. ज्याचे पाय चालत नाहीत त्याची गत वेगळी. त्याचे पाय मागे लोंबत राहतात, कंबरेला खाली खेचतात. अंग आडवं राहण्याऐवजी तिरकं होतं आणि तिरकं अंग पाणी कापत नाही, अडवतं. एक हात पुढे टाकला की कंबर दुसऱ्या बाजूला कलंडते आणि तिला सावरायला पायाचा फटका नसतो. मग जे पायांनी करायचं ते खांद्यांनी, पाठीच्या वरच्या स्नायूंनी आणि मानेच्या बेतानं करावं लागतं. श्वासासाठी मान जरा जास्त वळली की पाय बुडाले. कंबरेखाली संवेदना नसल्यानं काठाला घासून कातडं सोललं तरी कळत नाही. अशी न कळलेली जखमच या रुग्णाच्या जिवावर बेतते, म्हणून पाण्यातून बाहेर आलं की आधी नजरेनं पाय तपासायचे. मुष्टियोद्ध्याचे खांदे पेटकरांना इथं कामी आले. ठोसा मारायला लागणारी ताकद आता पाणी मागे रेटायला लागत होती.

1968 साली भारतानं पहिल्यांदा पॅरालिंपिकला संघ पाठवला. स्पर्धा इस्रायलमध्ये, तेल अवीवला होती. पेटकर तिथं टेबल टेनिस खेळले. या काळात एक माणूस पाठीशी उभा राहिला, तो म्हणजे विजय मर्चंट. मर्चंट म्हटलं की लोकांना मुंबईची फलंदाजी आठवते, पण अपंगांसाठी त्यांनी आयुष्यभर केलेलं काम त्या धावांपेक्षा हलकं नाही. परदेशवारीचा खर्च त्यांच्या मदतीनं निघाला हे पेटकर पुढे वर्षानुवर्षं सांगत आले. सरकारी खजिना या खेळाडूंसाठी उघडायला अजून कित्येक वर्षं जायची होती. दवाखान्यातला तलाव नौदलाचा होता, तिकीट एका क्रिकेटपटूच्या खटपटीतून आलं. या दोहोंपैकी एक जरी नसतं तरी पुढचं काही घडलं नसतं, असं मागे वळून पाहताना म्हणावंच लागतं.

1970 साली एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या अपंग खेळाडूंची स्पर्धा झाली. पेटकरांनी 50 मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवलं. तीन खेळ, तीन पदकं. त्या काळी अपंग खेळाडूनं एकाच खेळात मुरायचं अशी चैन नव्हती. संघ लहान, म्हणून एकच माणूस पाण्यातही उतरायचा आणि मैदानातही.

आणि मग आलं 1972. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, त्यामुळे पॅरालिंपिकही तिथंच व्हायला हवं होतं. पण खेळाडूंचं गाव खेळ संपताच खाजगी सदनिका म्हणून विकलं जाणार होतं आणि चाकाच्या खुर्च्यांसाठी ते काम लांबवायला कुणी तयार नव्हतं. म्हणून अपंगांचे खेळ हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी गेले आणि म्युनिकच्या आधीच, ऑगस्टच्या सुरुवातीला उरकले. चाळीसहून अधिक देशांचे सुमारे हजार खेळाडू तिथं जमले होते. 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये पेटकरांनी 37.33 सेकंदांत काठ गाठला. त्यांच्या गटातला तो जागतिक विक्रम होता. मृत पाय मागे ओढत सेकंदाला 1.3 मीटरहून अधिक वेग! त्याच स्पर्धेत भालाफेक आणि खुर्चीच्या अडथळा शर्यतीतही ते शेवटच्या फेरीपर्यंत गेले.

ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक. अभिनव बिंद्राचं सुवर्ण त्यानंतर 36 वर्षांनी आलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं पुढचं सुवर्ण 2004 साली देवेंद्र झाझरियानं अथेन्सला मिळवलं, म्हणजे 32 वर्षांनी. त्यामुळे 1972 ची ही नोंद एकट्या माणसाची कमाई म्हणूनच पाहावी लागते. तिच्यामागे व्यवस्था नव्हती आणि तिच्यानंतर व्यवस्था लगेच उभीही राहिली नाही.

जखमी सैनिकाला खेळात आणण्याचं हेच काम युरोपातल्या डोंगराळ मुलखात दुसऱ्या महायुद्धापासून बर्फावर चाललं होतं. ऑस्ट्रियाचा एक सैनिक, सेप त्स्विकनागल, हातबाँबच्या स्फोटात दोन्ही पाय गमावून बसला. त्यानं कृत्रिम पाय लावून स्की घालायचे प्रयोग चालवले. एक पाय गेलेले सैनिक कुबड्यांच्या टोकाला छोट्या स्की बांधून उतार उतरू लागले. 1948 साली, म्हणजे गुटमानच्या धनुर्विद्येच्याच वर्षी, बाडगाश्टाइनला अशा 17 जणांची शर्यत झाली. इंग्लंडच्या हिरवळीवर 16 आणि ऑस्ट्रियाच्या बर्फात 17. दोन्हीकडे मूठभर माणसं, आणि दोन्हीकडची मुळं एकाच महायुद्धात.

पहिलं हिवाळी पॅरालिंपिक मात्र फेब्रुवारी 1976 मध्ये भरलं, स्वीडनमधल्या अर्नशोल्ड्सविक या गावी. 16 देशांतून दोनशेच्या आसपास खेळाडू आले. हात-पाय गेलेले आणि दृष्टिहीन यांनाच त्यात प्रवेश होता. पेटकरांसारख्या खुर्चीतल्या माणसाला पदकाची वाट अजून बंद होती. त्या 16 देशांत एक नाव वाचून थांबायला होतं: युगांडा. विषुववृत्तावरचा देश. तिथला तोफिरी किबूका हा दृष्टिहीन तरुण बर्फातल्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत उतरला आणि हिवाळी पॅरालिंपिक खेळणारा पहिला आफ्रिकी ठरला. आमच्याकडे बर्फ कुठाय, या सबबीचं वजन त्या एका माणसानं बरंच कमी करून ठेवलं आहे.

कंबरेखाली लुळ्या माणसासाठी बर्फ खुला व्हायला साधन शोधावं लागलं. अंगाच्या मापाची खोलगट बैठक, तिच्याखाली धक्के पेलणारी स्प्रिंग आणि त्याखाली एकच रुंद स्की. दोन्ही हातांत आखूड कुबड्या, त्यांच्या टोकाला छोट्या स्की. वळायचं खांदे झुकवून आणि तोल हातांवर सांभाळायचा. सपाट बर्फावरच्या लांब शर्यतीत हीच बैठक दोन अरुंद स्कींवर बसवतात आणि काठ्यांनी रेटत पुढे जायचं असतं. ज्यानं पेटकरांचं पोहणं नीट समजून घेतलं त्याला हे लगेच उमगेल. स्नायू तेच, खांदे, दंड, पाठीचा वरचा भाग. पाण्याऐवजी बर्फ, इतकंच. 1988 च्या इन्सब्रुक खेळांपासून बसून स्की करणाऱ्यांच्या शर्यती रुळल्या.

अमेरिकेनं या वाटेवर आपले माजी सैनिक पद्धतशीरपणे आणले. कोलोरॅडोच्या डोंगरात 1987 पासून अपंग माजी सैनिकांचं हिवाळी खेळांचं शिबिर दरवर्षी भरू लागलं. अँडी सोल हे त्या देशातलं ठळक उदाहरण. मूळचा टेक्सासचा, म्हणजे आपल्या जतसारखाच उन्हाचा मुलूख. 2005 साली अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटात त्याचे दोन्ही पाय गेले. पाच वर्षांत, 2010 च्या व्हँकुव्हर खेळांत, बसून खेळायच्या बायथलॉनमध्ये, जिथं स्कीनं पळायचं आणि धापा टाकत असतानाच थांबून रायफलनं नेम साधायचा, त्यानं कांस्य मिळवलं. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरून बायथलॉनमधलं अमेरिकेचं ते पहिलं पदक. 2018 साली प्याँगचांगला त्याच्या गळ्यात सुवर्णही पडलं. नेमबाजी सैनिकाला शिकवावी लागत नाही, हा या खेळातला त्यांचा मोठा फायदा.

आपल्याकडे बर्फ आहे, बर्फात पाय गमावणारे जवानही आहेत. हिमदंशानं बोटं काळी पडून कापावी लागलेले, नियंत्रण रेषेवर सुरुंगावर पाय पडलेले. गुलमर्गला लष्कराचं उंच पर्वतीय युद्धाचं विद्यालय आहे आणि तिथं पलटणीतली पोरं वर्षानुवर्षं स्की शिकत आली आहेत. शिकवणारे, उतार आणि खेळू शकणारी माणसं, तिन्ही गोष्टी एका छताखाली आहेत. 2021 च्या सप्टेंबरात विशेष दलांतल्या माजी सैनिकांच्या एका संस्थेनं 8 दिव्यांगांना सियाचीन हिमनदीवर 15,632 फुटांवरच्या कुमार चौकीपर्यंत नेऊन आणलं. तिथवर पोचता येतं हे दिसलेलं आहे. राहिलं आहे ते हे एका मोहिमेपुरतं न ठेवता दवाखान्यापासून उतारापर्यंत सरळ वाट घालून देण्याचं काम, आणि ते काम सरकारनं आणि लष्करानं मिळूनच करायला हवं.

हायडेलबर्गनंतर पेटकर पुण्यात टेल्कोत, आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला लागले. या नोकरीचा उल्लेख बहुतेक जण एका वाक्यात उरकतात, पण ती सुवर्णपदकाइतकीच मोलाची मानायला हवी. पदकानं पोट भरत नाही, आणि अपंग माणसाला महिन्याचा पगार मिळणं म्हणजे घरातलं त्याचं स्थान परत मिळणं. महाराष्ट्र सरकारनं 1975 साली त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. दिल्लीचं लक्ष मात्र फार उशिरा गेलं. पद्मश्री 2018 साली मिळाली, तेव्हा ते 73 वर्षांचे होते. 2024 च्या जूनमध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ आला, कार्तिक आर्यननं पेटकर रंगवले आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या कित्येकांना हे नाव तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, राष्ट्रपती भवनात 17 जानेवारी 2025 रोजी त्यांच्या हाती आला. हायडेलबर्गच्या त्या 37.33 सेकंदांना तोवर 52 वर्षं उलटून गेली होती. इतका उशीर कुठल्याही कारणानं समर्थनीय ठरत नाही.

मधल्या काळात पुण्यात काही पक्कं उभं राहिलं. 1974 साली खडकीला अर्धांगग्रस्त जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झालं. पाठीचा कणा मोडलेले जवान तिथं राहतात, हुन्नर शिकतात, खुर्चीवरचं बास्केटबॉल खेळतात. मानेखालचं सगळं अंग गेलेले तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. गुटमाननं सांगितलेलं खेळाचं औषध खडकीत असं रोजच्या दिनक्रमात आलं. त्याच खडकीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात लष्करानं पॅरा खेळाडू घडवण्याचा विभाग काढला. सेवेत असताना हात-पाय गमावलेल्या जवानांना तिथं प्रशिक्षक, साधनं आणि सरावाला पुरेसा वेळ मिळतो. पेटकरांना यातलं बहुतेक स्वतः शोधावं लागलं होतं.

2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 4 सप्टेंबरला आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी गोळाफेकीच्या एफ-46, म्हणजे हात अधू असलेल्यांच्या, गटात उतरला. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्याचा डावा हात अधू झालेला. तो सैनिक नव्हे, शेतकऱ्याच्या घरातला पोरगा. पण पेटकरांनंतर सांगली जिल्ह्यातून पॅरालिंपिकच्या पदकापर्यंत पोचलेला हा माणूस त्याच दुष्काळी पट्ट्यातला, जतच्या शेजारचा. 16.32 मीटर फेक करून त्यानं रौप्य घेतलं. गोळाफेकीत भारतीय पुरुषाला पॅरालिंपिक पदक मिळालं ते जोगिंदरसिंग बेदी यांच्या 1984 मधल्या पदकानंतर थेट आता. दोनच दिवसांनी त्याच मैदानावर एफ-57, म्हणजे बसून फेकणाऱ्यांच्या, गटाची गोळाफेक झाली. तिथं उतरला होता आसाम रेजिमेंटचा होकाटो सेमा, नागालँडचा. 2002 साली काश्मीरच्या चौकीबळ भागात सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याला कृत्रिम अवयव केंद्रात उपचार घेताना आणि खडकीच्या लष्करी पॅरा विभागात शिकताना तो गोळाफेकीकडे वळला. वयाच्या 40 व्या वर्षी, खुर्चीत बसून, त्यानं गोळा 14.65 मीटर टाकला आणि कांस्य जिंकलं.